आबांची ठासणीची बंदूक: हातात कधीच न आलेल्या वस्तूचा पाठलाग

बीजीएमआय खेळणाऱ्यांना एक प्रश्न. कार९८ चा आवाज तुम्हाला डोळे मिटूनही ओळखता येतो ना? मलाही येतो. गेममध्ये ती ७.६२ ची गोळी खाते, खरी जर्मन कार९८ मात्र ७.९२ मिलिमीटरची होती, असली माहितीही मला तोंडपाठ आहे. पण मला खरंच हवी होती ती बंदूक कुठल्याच गेममध्ये नाही. ती आमच्या देऊळघाटच्या घरात, माजघराच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असायची. आमच्या आबांची. एकनळी, ठासणीची, टोपीची. आता ती नाही आणि मला ती कधीच मिळणार नाही.

एरवी या साइटवर मी मोबाइलचे कॅमेरे आणि बॅटऱ्या यांवर लिहितो. आज बंदुकीवर लिहितोय, कारण गेल्या दोन वर्षांत मला किमान वीस जणांनी विचारलंय: "दादा, आमच्या वाड्यात जुनी बंदूक आहे, रील टाकली तर चालेल का?" उत्तर लांब आहे, म्हणून लेखच लिहिला. मधेमधे आबा येतील, ते चालवून घ्या.

आधी यंत्र समजून घेऊ

जुन्या बंदुकीत तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: दारू, गोळी आणि ठिणगी. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. आज काडतुसात हे सगळं एकाच पाकिटात मिळतं. तेव्हा ते सुटं असायचं. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, परत बोळा, आणि हे सगळं लांब गजाने ठासायचं. म्हणून ठासणीची बंदूक. "ठासून भरलंय" म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एसटी येते, पण ठासणीच्या बंदुकीत ठासणं हे खरंच जिवाचं काम होतं. नीट ठासलं नाही आणि गोळी व दारू यांच्यात पोकळी राहिली, तर नळी फुटायची भीती.

प्रश्न ठिणगीचा. तिथेच सगळं तंत्रज्ञान बदलत गेलं.

सगळ्यात जुनी पद्धत तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती भडकत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. नळीला बाजूने एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाशी थोडी बारीक दारू ठेवायची, तिचं नाव रंजक. चाप ओढला की तोड्याचं जळतं टोक रंजकीवर टेकतं, रंजक भडकते, आग कानातून आत जाते आणि बार उडतो. कधी कधी रंजक नुसतीच भकदिशी जळते आणि आतली दारू पेटतच नाही. धूर होतो, गोळी जागेवरच. फुसका बार तो हाच.

गेमच्या भाषेत सांगायचं तर या बंदुकीला भयंकर इनपुट लॅग होता. चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत नेम धरून स्थिर उभं राहायचं, आणि डोळ्यांजवळच रंजक भडकत असायची. पावसात तर काम खलास. तोडा विझला की हातात फक्त काठी. रात्री पेटता तोडा लांबून दिसायचा, म्हणजे लपूनही उपयोग नाही.

मग आली चकमकीची बंदूक. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली, समोर पोलादी पट्टी. चाप ओढला की घोडा आपटतो, ठिणग्या पडतात. पेटती दोरी सांभाळायची कटकट गेली, पण रंजक उघड्यावरच राहिली. तिसरी पायरी एका स्कॉटिश पाद्र्यामुळे आली. अलेक्झांडर फॉर्सिथ त्याचं नाव. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद, आणि रंजकीचा भडका पाहून पक्षी उडून जायचे. वैतागून त्याने आघाताने पेटणारी रसायनं वापरायची पद्धत शोधली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. टोपी कानावरच्या बोंडाला बसवायची, घोडा आपटला की आतलं रसायन फुटतं. पावसातही चालते. आबांची बंदूक ही या तिसऱ्या पायरीवरची. टोप्यांची त्यांची एक पत्र्याची डबी होती, तिला हात लावला की बोलणी बसायची. "पोरा, ते चॉकलेट नाही."

ती आमच्याकडे का होती

हा प्रश्न मला शहरातले मित्र विचारतात. जमीनदारी वगैरे काही नव्हती. आमचं शेत पैनगंगेच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. मक्यात रानडुकरं शिरली की एका रात्रीत अर्धा एकर झोपवतात, हरभऱ्यात रोही घुसतात. आबा मचाणावर जागायचे आणि वर आभाळात एक बार काढायचे. आयुष्यात त्यांनी एक जनावर मारलं नाही, आवाज हेच त्यांचं औषध होतं.

आणि हे कायद्याला माहीत आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच लिहिलंय की खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर त्यासाठी परवाना देता येतो. म्हणजे आबांची ती गावठी दिसणारी वस्तू थेट संसदेच्या कायद्यात नाव घेऊन बसलेली आहे. मला याचा उगाचच अभिमान वाटला.

त्याआधीचा इतिहास मात्र कडू आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीय माणसाला बंदूक बाळगायला परवाना सक्तीचा झाला. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. बंदुकीच्या आकारातसुद्धा हा अविश्वास उतरला. सैन्याची रायफल .३०३ ची, म्हणून नागरिकांना .३१५ ची. कारण साधं: सैन्याची चोरलेली गोळी खासगी रायफलीत बसता कामा नये. इंग्रज गेले, .३१५ राहिली. आजही आपल्या आयुध निर्माणीची नागरी रायफल त्याच मापाची आहे.

संग्राहक नेमकं कशासाठी झुरतात

मी स्वतःला संग्राहक म्हणवतो, पण माझ्या संग्रहात एकही बंदूक नाही. जुने नोकिया आहेत, दोन पेजर आहेत, एक बंद पडलेला वॉकमन आहे. बंदुका फक्त टॅबमध्ये उघडलेल्या. असे आम्ही बरेच आहोत, आणि प्रत्येकाची एक "ती" असते. कुणाला वेब्लीचं जुनं रिव्हॉल्व्हर हवं असतं, कुणाला संस्थानिकांच्या शिकारीच्या इंग्रजी दुनळी रायफली. या वस्तू भारतात आहेत, पण मोजक्याच, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नामवंत नेमबाजांना सवलत आहे, तुम्हा-आम्हाला नाही. जे आधी आलं तेच परवानाधारकांमध्ये फिरतं आणि दर वेळी महाग होत जातं. आपल्या आयफोनची किंमत दर वर्षी पडते. इथे उलटं.

माझी "ती" मात्र परदेशी नाही. आबांच्या बंदुकीनंतर माझा जीव अडकला तो तोड्याच्या बंदुकीत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात या बंदुका पश्चिम किनाऱ्यावर आणल्या आणि गोव्यात त्या बनूही लागल्या. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, तेव्हा त्यांच्याकडच्या बंदुका याच आशियाई घडणीच्या असाव्यात, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पुढे जपानने त्या हजारोंनी बनवल्या. भारतीय लोहारांनी तर नळीची कलाच केली. लोखंडाच्या पट्ट्या दांड्याभोवती गुंडाळायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या. चांगल्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, ती रंगवलेली नसते, धातूतच असते. मी त्याचे फोटो झूम करून करून पाहिलेत.

आणि आमच्या भागाचं नातं आणखी जवळचं. देऊळघाटहून नैऋत्येला, जालना जिल्ह्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. शिंद्यांच्या कवायती पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या, आणि त्यांच्या तोफा इतक्या चांगल्या होत्या की इंग्रजांचे हाल झाले. लढाईनंतर सुमारे ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोल्याकडच्या अडगावला परत लढाई, आणि डिसेंबरात गाविलगड पडला. एका पावसाळ्यानंतरच्या तीन महिन्यांत आमच्या वऱ्हाडाच्या अंगणात हे सगळं घडलं. त्या हजारो बंदुकांपैकी एक तरी कुणाच्या माळ्यावर असेल, असं मला लहानपणी वाटायचं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू.

मग एखादी सापडली तर विकत घेता येईल का? इथे खरी मेख आहे.

अमेरिकेत १८९९ च्या आधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने "फायरआर्म" धरलीच जात नाही. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याचं कलम ५८ जुन्या बंदुका शोभेची वस्तू म्हणून बाळगू देतं. म्हणून आपल्याकडून गेलेल्या तोड्याच्या बंदुका तिकडच्या लिलावात उघड विकल्या जातात. लंडनच्या माणसाला वऱ्हाडातली बंदूक भिंतीवर लावणं सोपं, वऱ्हाडातल्या माणसाला अवघड. मोठ्या वस्तूंचं तर विचारूच नका. टिपू सुलतानासाठी १७९३-९४ मध्ये असद खान मुहंमद या कारागिराने बनवलेली एक चकमकीची शिकारी बंदूक ब्रिटनमध्ये होती. २०२३ मध्ये तिची किंमत २० लाख पौंड धरली गेली आणि ती देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने तिच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली. आमची वस्तू, आणि "देशाबाहेर जाऊ नये" असं म्हणणारे ते! एक गोड अपवाद आहे, पण तो तलवारीचा. नागपूरकर भोसल्यांचे रघुजीराजे, पहिले, यांची तलवार महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. बातमी आली तेव्हा मी फोन रिव्ह्यू करत होतो. तो व्हिडिओ त्या दिवशी पूर्ण झाला नाही.

आपल्या कायद्यात जुन्या वस्तूंना सूट नाही का? आहे. कलम ४५ चा (क) भाग. लोक त्याचं अर्धंच वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरवतात: "पुरातन बंदुकीला परवाना लागत नाही." पूर्ण वाक्याचा अर्थ असा की शस्त्र जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त असेल, आणि दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येत नसेल, तर हा कायदा लागू नाही. सगळा जीव त्या "दुरुस्ती करूनही" मध्ये आहे. तोड्याची बंदूक इतकी साधी असते की चांगला लोहार ती परत चालती करू शकतो. म्हणजे २०० वर्षं जुनी आहे एवढ्यावर तुम्ही सुटत नाही. ती चालू शकते की नाही हे तुम्ही किंवा तुमचा मामा ठरवत नाही, हेही लक्षात ठेवा.

शिवाय संख्येचा प्रश्न. पूर्वी एका माणसाला परवान्यावर तीन बंदुका ठेवता यायच्या. २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोन झाल्या. मूळ विधेयकात तर एकच होती, विरोध झाल्यावर दोन केल्या. वारशाने आलेल्या असल्या तरी मर्यादा तीच. ज्यांच्याकडे जास्त होत्या त्यांना वर्षभरात उरलेल्या जमा करायच्या होत्या. विचार करा, पणजोबा, आजोबा आणि वडील अशा तिघांच्या तीन बंदुका घरात आहेत, आणि तुम्हाला सांगितलंय की दोनच ठेवा. कायदा का आला हे मला समजतं. लग्नात हवेत बार काढून माणसं मेलीत, त्यासाठीही याच दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पण दोन वस्तूंना संग्रह म्हणत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

आबांची बंदूक कशी गेली

आबा २०१८ च्या पावसाळ्यात गेले. दहावा-तेरावा झाल्यावर बाबांनी बंदूक गोधडीत गुंडाळली, परवान्याचं पुस्तक घेतलं आणि जाऊन जमा केली. ते अगदी बरोबर केलं. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवणं बेकायदा ठरतं. कलम २१ म्हणतं की ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावती मिळाली, बाबांनी ती देवघरातल्या डब्यात ठेवली. तिथेच गोष्ट थांबली.

मी तेव्हा पुण्यात होतो. बाबांना मी फोनवर म्हणालो होतो, "आपल्या नावावर करून घ्या ना." ते म्हणाले, "काऊन बाबा, कोण चकरा मारणार? आता कुंपणाला करंटची बॅटरी आहे." मीही जोर लावला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या फोनच्या सेटिंग्ज समजावून सांगणारा मी, घरच्या कागदाचं एक पान वाचलं नाही.

कलम २१ पुढे असं सांगतं की वारसाला ठराविक मुदतीत परवाना काढून ती परत घेता येते किंवा परवाना असलेल्याला विकता येते. नाहीतर नोटीस देऊन जिल्हाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. लॉकडाऊननंतर नोटीस आली. बाबांना वाटलं दंडाची आहे, म्हणून त्यांनी ती मला न दाखवता उशीखाली ठेवली. मला कळलं तेव्हा आदेश होऊन गेला होता. चूक कुणा कार्यालयाची नाही, आमचीच.

खरी ठेच पुढे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ मी नंतर वाचला. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. आबांकडे ती चाळीसहून जास्त वर्षं होती. २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षं ते ओट्यावर धडधाकट बसलेले होते, मी दिवाळीला दोन्ही वर्षं घरी होतो. अर्ज मंजूर झालाच असता असं नाही, पण केलाच नाही.

म्हणून तुमच्या घरी परवान्याची बंदूक असेल आणि आजोबा हयात असतील, तर या आठवड्यात परवान्याचं पुस्तक उघडून पाहा. त्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक नंबर आहे का ते बघा, त्याशिवाय परवाना वैध धरत नाहीत. अर्ज एनडाल-अॅलिस या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरतात, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होतो आणि मधे पोलीस चौकशी असते. परवाना आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन होता.

आणि विनापरवान्याची काही वस्तू माळ्यावर सापडली तर? आधी हात काढा. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच टांगून ठेवायची सवय होती आणि कोरडी राहिलेली दारू कित्येक दशकांनंतरही पेटते. गज घालून आत काही आहे का बघू नका. रील तर मुळीच नको. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद अशी आहे, आणि इन्स्टावरचा तुमचा फोटो हा तुम्हीच तयार करून दिलेला पुरावा. घरातल्या मोठ्यांना घेऊन, ओळखीचा वकील असला तर त्यालाही घेऊन, ठाण्यात कळवा. थ्रीडी प्रिंटरवर "फक्त शोभेची" करून बघू म्हणणाऱ्यांनी एवढंच ऐका: विनापरवाना बंदूक बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

पाहता येतं, एवढं खरं

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचं दालन आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका कवीने आयुष्यभर गोळा केलेल्या वीस हजारांवर वस्तू, त्यांत शस्त्रंही. केळकरांनी तो संग्रह लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने केला. तिथे गेलो की मला काचेतल्या वस्तूंपेक्षा ती पाटीच जास्त वेळ दिसत राहते.

घरबसल्या बघायचं तर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून आपले लाखो फोटो मोफत खुले केलेत. तिथल्या शोधात मॅचलॉक आणि इंडिया टाका, नळीवरच्या लाटा दिसतील एवढं रिझोल्यूशन मिळतं. यूट्यूबवर फर्गॉटन वेपन्स आहे, आणि ब्रिटनच्या रॉयल आर्मरीजचे जोनाथन फर्ग्युसन गेममधल्या बंदुका तपासतात, ते तर तुम्ही पाहिलंच असेल.

मी सध्या काय करतोय ते सांगतो. बंदूक जमा करताना बाबा एक गोष्ट विसरले: गज. तो गोधडीत गेलाच नाही, खुंटीवरच राहिला. नुसता लोखंडी दांडा, एका टोकाला थोडा जाड. ठासणीच्या बंदुकीचा गज साधारण नळीच्याच लांबीचा असतो, त्यामुळे नळी केवढी होती हे मला आता मोजता येतं. गेल्या दिवाळीत मी तो ओट्यावर पांढऱ्या चादरीवर ठेवला आणि फोनवरच्या पॉलीकॅम अॅपने थ्रीडी करायला घेतला. फोटोंवरून थ्रीडी करताना लगतच्या दोन फोटोंमध्ये निम्म्याहून जास्त भाग सामाईक यावा लागतो, आणि ऊन थेट पडलं तर चकाकणारा धातू अॅपला कळत नाही. बारीक, लांब वस्तू त्याहून अवघड. पहिल्या प्रयत्नात गजाचे तीन तुकडे झाले. दुसऱ्यांदा चादरीऐवजी आईचं फुलाफुलांचं लुगडं अंथरलं, म्हणजे अॅपला पकडायला खुणा मिळाल्या, आणि ढग येईपर्यंत थांबलो. ९२ फोटो. या वेळी अखंड आला, जाड टोकावरचा आबांच्या हाताने गुळगुळीत झालेला भागसुद्धा.

आता २००९ मध्ये काढलेला एक दोन मेगापिक्सेलचा फोटो आहे. आबा मचाणाखाली बसलेत, मांडीवर बंदूक, आणि गज नळीखाली त्याच्या जागी. त्या गजाची खरी लांबी मला माहीत असल्यामुळे फोटोतल्या नळीचं, दस्त्याचं, घोड्याचं माप काढायचं काम चालू आहे. मॉडेल फक्त स्क्रीनवर फिरवायला. घोड्यापर्यंत आलोय, पण तिथे आबांचा अंगठा आडवा येतो.